सुरत : लुटीच्या धड्यापलीकडे

मराठी मुलाची सुरतेशी पहिली ओळख होते ती शाळेच्या बाकावर. इतिहासाच्या पुस्तकात दोन सने असतात, १६६४ आणि १६७०. शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ह्या धनाढ्य बंदरावर दोन वेळा झडप घातली, स्वराज्याच्या खजिन्यात भर पडली, आणि धडा संपला. परीक्षेत सने विचारली जातात, कारणे आणि परिणाम विचारले जातात. पण ज्या गावातून ते धन आले ते गाव होते कसे, आणि पुढे त्याचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. मोठेपणी तोच मुलगा कामाधंद्यासाठी किंवा सोयरिकीसाठी सुरतेस उतरतो, कापडबाजाराची गजबज पाहतो आणि परत फिरतो. जुने गाव तेथून दूर नसते. स्टेशनाजवळच्या दिल्ली दरवाजापासून निघालेला राजमार्ग थेट तापीकाठच्या चौकात जाऊन पोहोचतो. आणि त्याच्या दोन्ही अंगांना, एका दिवसात पायी हिंडता येईल एवढ्या परिसरात, जवळजवळ पाच शतकांचे सुरत पसरलेले आहे.

हिंडायला आरंभ करावा तो चौकातूनच. तेथे नदीच्या कडेला गुजरातच्या सुलतानाच्या आज्ञेने बांधलेला किल्ला उभा आहे. पोर्तुगीजांच्या समुद्रावरील हल्ल्यांना आवर घालण्यासाठी तो बांधण्यात आला आणि १५४६ मध्ये पुरा झाला. डोंगरी किल्ले पाहिलेल्या मराठी डोळ्याला तो ठेंगणाच वाटतो. १६६४ च्या जानेवारीत महाराज शहराबाहेर येऊन थडकले, तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान ह्याच किल्ल्यात जाऊन लपला, आणि ज्या शहराच्या रक्षणासाठी त्याला नेमले होते ते शहर त्याने उघड्यावर सोडून दिले. वीरजी व्होऱ्यासारख्या गडगंज सावकारांच्या हवेल्या लुटल्या गेल्या. त्या धामधुमीतही विवेक सुटला नव्हता, ह्याची साक्ष बर्निए नावाच्या फ्रेंच प्रवाशाने नोंदवून ठेवली आहे. कॅपुचिन पंथाचे पाद्री फादर आंब्रोज ह्यांच्या घराला धक्का लागू दिला नाही. आणि डचांच्या एका दिवंगत दलालाचे घर, तो हयातीत मोठा दानधर्म करणारा होता म्हणून, वगळण्यात आले. त्याच वर्षी मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. आपल्या धड्यात एवढे येते. सुरतेचा धडा मात्र येथून पुढे चालू राहतो.

ह्या लुटीनंतर औरंगजेबाने शहराभोवती विटांचा तट बांधविला. पुढे अठराव्या शतकात वस्ती तटाबाहेर वाढली म्हणून आणखी एक बाहेरचा तट झाला. आज दोन्ही तट नाहीसे झाले आहेत. पण दिल्ली दरवाजा, कतारगाम दरवाजा, सहारा दरवाजा ही नावे लोकांच्या तोंडी अजून आहेत. भिंत पडली तरी दार टिकले, असा हा प्रकार आहे, आणि सुरतेच्या स्वभावाला तो शोभतोही.

कारण हे गाव मुळात पाहुण्यांचे. चौकापासून थोड्याच अंतरावर मुगलीसरा हा भाग लागतो. शहाजहानच्या काळी, १६४४ मध्ये, येथे एक भव्य सराई बांधण्यात आली. हिंदुस्थानातून हजला जाणारे यात्रेकरू सुरतेच्या बंदरातून गलबतावर चढत, म्हणून ह्या बंदराला मक्केचे द्वार म्हणत. गलबत मिळेपर्यंत यात्रेकरूंनी राहावे तरी कोठे? त्यासाठी ही सराई. पुढे ह्याच वास्तूत नगरपालिकेची कचेरी आली. जेथे परगावचा माणूस पथारी पसरीत असे, तेथे गावाचा कारभार चालू लागला. इंग्रजांची वखार, डचांची वखार, आर्मेनियन व्यापारी, पारशी, बोहरा, जैन, सगळ्यांनी ह्या तापीकाठच्या गावात आपापली जागा केली. पारशांची दोन आतशबेहराम मंदिरे येथे एकाच वर्षी, १८२३ मध्ये, प्रतिष्ठित झाली. झांपाबाजारात दाऊदी बोहऱ्यांची विद्यापीठासारखी धर्मशाळा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून आहे. त्याच वाटेवर बरजोरजी मेरवानजी फ्रेझर ह्या पारशी गृहस्थाने १८७१ मध्ये स्वखर्चाने बांधलेला घड्याळाचा मनोरा उभा आहे.

मात्र सुरतेची खरी वास्तुकला पाहावयाची तर मोठा रस्ता सोडून नाणावट, गोपीपुरा ह्या भागांतील शेऱ्यांत शिरले पाहिजे. अहमदाबादेत पोळ, तशी सुरतेत शेरी. घराचा दर्शनी भाग अरुंद, पण आत घर खोलवर गेलेले. दोन घरांमधील भिंत सामाईक. म्हणून उजेड आणि वारा यावा यासाठी मध्ये चौक. पुढच्या बाजूला सागवानी खांब, त्यांवर नक्षीचे टेकू, वर सज्जा, आणि सज्जाच्या कठड्यावर वेलबुट्टी. जोते उंच, तापीच्या पुराशी जन्माची गाठ पडलेल्या गावाला ते हवेच. ह्या जोत्यापुढचा ओटला हा सुरती घराचा आत्मा होय. तो धड घरातला नाही आणि धड रस्त्यावरचाही नाही. तेथे भाजी निवडली जाते, वर्तमानपत्र वाचले जाते, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारली जाते. कोकणातल्या पडवीची आणि देशावरच्या ओसरीची आठवण करून देणारी ही जागा आहे. फक्त येथे अंगण म्हणून सबंध शेरी असते.

ह्या घरांचे वय मात्र अनेकांना चकवते. ती शिवकालीन असतील असे वाटते; परंतु एप्रिल १८३७ मध्ये सुरतेस प्रचंड आग लागली आणि तीत नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली. त्याच वर्षी तापीला महापूरही आला. त्याआधीच बंदराचे वैभव उतरणीला लागले होते. १६८७ मध्ये इंग्रजांनी आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले, आणि नदीचे मुख गाळाने भरत चालले. लुटीपेक्षा आगीने आणि पुराने, आणि त्याहीपेक्षा मुंबईच्या उत्कर्षाने, सुरतेचे अधिक नेले. तरीही लोकांनी राखेवर पुन्हा खांब उभारले आणि त्यांवर पुन्हा नक्षी कोरली. नर्मद हा गुजरातीचा थोर कवी आगीपूर्वी चारच वर्षे, १८३३ मध्ये, ह्या गावात जन्मला. आमलीरानमधील त्याचे घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे.

एवढे हिंडल्यावर भूक लागते, आणि सुरतेत ती लागावीच. 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' ही म्हण गुजरातीत प्रसिद्धच आहे. सकाळी शेरीच्या तोंडाशी लोचो मिळतो. हरभऱ्याच्या डाळीचे वाटण वाफवितात. वर तेल, मसाला, शेव आणि कांदा. म्हणे, कोणा खमणवाल्याचे पीठ सैल झाले, वड्या पडेनात, आणि तो उद्गारला की हा तर लोचो झाला! मुंबईच्या बोलीतील 'लोचा' ह्याच शब्दाचा भाऊबंद. फसलेल्या पदार्थाला टाकून न देता नाव देऊन मानाने वाढणे हे सुरतेलाच जमावे. हिवाळ्यात कतारगामच्या पापडीचे उंधियू, आणि पोंक. पोंक म्हणजे आपला हुरडा. आपण तो शेतात आगटीभोवती बसून खातो. सुरतकर तो शेवेबरोबर, शहरात, तापीच्या काठी खातात. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी चांदनी पडवो येतो, आणि त्या रात्री मावा, पिस्ते आणि तूप ह्यांनी जड झालेली घारी घरोघर आणि उघड्या चांदण्यात खाल्ली जाते. झांपाबाजारातील बारा हंडीची ख्यातीही मोठी आहे. रात्रभर मंद आचेवर शिजलेले मांस सकाळी गरम रोटीबरोबर खाण्यास लोक लांबून येतात.

नानपुऱ्यात मक्काई पुलाजवळ दोटीवाला ह्यांची पारशी बेकरी आहे. डच येथून गेले तेव्हा त्यांची भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला ह्या त्यांच्याकडील कामगाराकडे आली, असे सांगतात. पाव फुगविण्यासाठी ताडी वापरीत, हे गोव्याच्या आणि वसईच्या माणसाला वेगळे सांगावयास नको. पुढे गिऱ्हाईक घटले, पाव उरू लागला, उरलेला पाव वाळून कडक झाला, आणि लोक तोच आवडीने मागू लागले. सुरतेची बिस्किटे ती हीच. आणि नानखटाईची कीर्तीही अशा भट्ट्यांनीच वाढविली.

दिवस कलताना कतारगाम दरवाजाकडील जुन्या दफनभूमीत जावे. इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांनी येथे आपल्या माणसांसाठी घुमटांच्या कबरी बांधल्या, आणि त्या मोगली थाटाच्या बांधल्या. मेल्यावर तरी परके दिसू नये अशी जणू त्यांची इच्छा असावी. १६६४ मध्ये वखार लढविणारा जॉर्ज ऑक्झेंडन येथेच आहे. डचांच्या बाजूला व्हान ऱ्हीडे पुरला आहे, ज्याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्या ग्रंथाला साहाय्य करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते, आणि त्यांची नागरी लिपीतील साक्ष पहिल्याच खंडात छापलेली आहे.

आज ह्या शहरापुढचे संकट घोड्यावरून येत नाही. १९९४ च्या प्लेगच्या भीतीने लोक गाव सोडून पळाले. पण त्यानंतर सुरतेने स्वतःला असे झाडून काढले की देशाने नवल केले. किल्ल्याची आणि गोपी तलावाची डागडुजीही झाली. शेऱ्यांतील घरांना मात्र तसा वाली नाही. मुले नव्या वसाहतींत जातात, घराला कुलूप लागते, सागवानी खांब भंगारात विकले जातात, आणि ओटल्याच्या जागी लोखंडी शटर येते. किल्ला सरकार दुरुस्त करू शकते. ओटल्यावर बसणारा माणूस सरकारला बसविता येत नाही. सुरतेची शिल्लक संपत्ती ही आहे, आणि ती लुटावयास कोणाला यावे लागत नाही. नुसते दुर्लक्ष पुरते.

मराठी माणसाने ह्याची काळजी का करावी? तापी खानदेशातून वाहत सुरतेस जाते. तिच्याच खोऱ्यातून भुसावळची आगगाडी येते, आणि तीतून जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे उतरतात. उधना आणि लिंबायत येथे त्यांची घरे आहेत, मागांवर त्यांचे हात आहेत, आणि महापालिकेच्या मराठी शाळांत त्यांची मुले शिकली आहेत. ज्या गावात मराठी माणूस एकदा घोड्यावरून आला, त्याच गावाने त्याला पुढे पायी आलेला पाहून ओटल्यावर बसा म्हटले. त्या मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकातही १६६४ हे सन असते. ते वाचून झाल्यावर त्यांच्या गुरुजींनी एका रविवारी त्यांना नाणावटीच्या शेऱ्यांतून हिंडवून आणावे, आणि परतताना प्रत्येकाच्या हातावर एक नानखटाई ठेवावी. तो धडा तेवढ्याने पुरा होईल.