चारी कोणी खोदायची?

पदवीचे शिक्षण घ्यायचे की नाही, हे बारावीच्या निकालानंतर ठरते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रत्यक्षात बहुतेक घरांत ते कितीतरी आधी, कोणी उघडपणे काही न बोलताच ठरून गेलेले असते. ज्यांच्या आईवडिलांपैकी कोणीही महाविद्यालयात गेलेले नाही, त्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांची अडचण केवळ पैशांची आहे, या समजुतीतच मोठी गफलत आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दियू यांनी ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटले, ते म्हणजे घरातून नकळत मिळणारी भाषा, माहिती आणि शिक्षणाच्या जगात सहज वावरण्याचा विश्वास, त्यांच्यापाशी नसते.

कालव्याकाठच्या शेतकऱ्याला हे चटकन उमगेल. कालवा बांधाजवळून वाहत असला, तरी पिकाला पाणी मिळते ते चारीतून, म्हणजे कालव्यातून शेतात पाणी आणणाऱ्या लहान पाटातून. ज्याच्या आजोबांनी चारी खोदून ठेवली, त्याला फक्त गाळ काढावा लागतो, आणि ज्याच्या रानाला चारीच नाही, तो कुदळ हाती घेईपर्यंत पाण्याची पाळी संपलेली असते. प्रवेशफेऱ्यांचेही तसेच आहे. जात वैधता प्रमाणपत्रासाठी, म्हणजे जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी, बारावीत असतानाच अर्ज करावा, हे शिकलेल्या घराला ठाऊक असते. इतरांना ते ऐन प्रवेशाच्या वेळी कळते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास प्रवर्गांतील, 8 लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी 2024-25 पासून राज्यात पूर्ण शुल्कमाफी मिळाली, हे मोठेच काम झाले. परंतु तो कालवा आहे, चारी नव्हे.

अशी चारी आपल्याकडे पूर्वी खोदली गेली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभारले, तेव्हा मुलांना निवाऱ्याबरोबरच शिकणाऱ्यांचा सहवास मिळाला, जो घर देऊ शकत नव्हते. मुलींच्या वाटेत एस.टी.ची वेळ, वसतिगृहाची सुरक्षितता आणि लग्नाची घाई हेही येते.

पुन्हा सांगणे भाग आहे की निर्णय घरात होतो, आणि लवकर होतो. म्हणूनच शाळांनी बारावीनंतर मार्गदर्शनाचा फलक लावून मोकळे होऊ नये. शिक्षकांनी नववी-दहावीतच, शेतीची कामे उरकल्यावर सायंकाळी घरी जाऊन, कोणता दाखला कधी काढायचा, वसतिगृहाचा अर्ज कोठे मिळतो आणि गावातील कोणता मुलगा वा मुलगी आज महाविद्यालयात शिकत आहे, हे आईवडिलांसमोर बसून सांगावे.