पाण्यांतील कण आणि प्रकाश

सकाळीं अंधाऱ्या खोलींत कौलाच्या फटींतून कवडसा उतरला, म्हणजे त्यांत तरंगणारे धुळीचे असंख्य कण दिसूं लागतात. एरवीं तीच हवा अगदीं निर्मळ भासते. कण नव्यानें आलेले नसतात. त्यांच्यावर पडलेला उजेड बाजूला फेंकला जातो, म्हणून ते दिसतात. ज्या फटींतून ऊन येतें तिकडे तोंड करून पाहिलें, तर हे कण लखलखतात. उन्हाकडे पाठ करून पाहिलें, तर तेच फिके पडतात. श्रोत्यांनीं हा प्रयोग घरीं अवश्य करून पाहावा, कारण पाण्यांतील कण प्रकाशाच्या साह्यानें मोजूं पाहणाऱ्यांची सारी अडचण त्यांत आहे. कण किती, हें विचारण्यापूर्वीं पाहणारा कोणत्या बाजूला उभा आहे, हें विचारावें लागतें.

नदीच्या, तळ्याच्या किंवा समुद्राच्या पाण्यांत नुसतें पाणी कधींच नसतें. माती, गाळ, सूक्ष्म शेवाळ, जंतु, कुजलेल्या पानांचे अंश असें नाना प्रकारचें द्रव्य त्यांत तरंगत असतें. त्यांतील पुष्कळसे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतात. प्रकाशाचा किरण अशा कणाला भेटला, कीं त्याचा कांहीं अंश शोषला जातो आणि कांहीं अंश दिशा बदलून निघून जातो. या दिशा बदलण्याला शास्त्रांत प्रकीर्णन म्हणतात; घरगुती भाषेंत, उजेड विखुरणें.

आरंभीं ही मोजणी डोळ्यांवरच चालत असे. इटलींतील ज्योतिषी आंजेलो सेक्की यांनीं १८६५ मध्यें भूमध्य समुद्रांत पांढरी तबकडी दोरीनें खालीं सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते तें पाहिलें. ही युक्ति इतकी स्वस्त आणि सोपी आहे, कीं ती आजही टाकलेली नाहीं. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील जलशुद्धीकरण केंद्रांत जॅक्सन यांच्या नांवाचें साधन रूढ झालें. खालीं एक मेणबत्ती आणि वर कांचेची उंच नळी. नळींत पाणी ओतीत जावयाचें आणि वरून ज्योतीकडे पाहावयाचें. ज्योतीचा आकार पुसला जाऊन नुसता सारखा उजेड उरला, म्हणजे पाण्याची उंची वाचावयाची. पुराच्या पाण्याला ही रीत ठीक होती. पण २५ एककांच्या खालचा गढूळपणा तींत सरळ मोजतां येत नसे, आणि गाळलेलें पिण्याचें पाणी तर त्याहून कितीतरी स्वच्छ असतें.

तेव्हां शास्त्रज्ञांनीं पाहण्याची जागाच बदलली. दिव्यासमोरून पाहिलें, तर थेट झोत इतका प्रखर असतो, कीं थोड्याशा कणांनीं त्यांत पडणारी घट कळून येत नाहीं. झोताच्या काटकोनांत मात्र अंधार असतो, आणि अंधारांत थोडाही उजेड उठून दिसतो. म्हणून पाण्यांतून झोत सोडून त्याच्या बाजूला, बरोबर नव्वद अंशांवर, प्रकाश मोजणारा विद्युत्-घट बसविण्यांत आला. तुलनेसाठीं फॉर्मॅझिन नांवाचें पांढरें मिश्रण वापरतात; त्याची कृति १९२६ मध्यें प्रसिद्ध झाली. भारतीय मानकांत (२०१२) पिण्याच्या पाण्याच्या गढूळपणाची मर्यादा अशाच एककांत १ अशी दिलेली असून, दुसरें पाणी उपलब्ध नसेल तर ५ पर्यंत सवलत आहे. पेल्यांतील पाणी डोळ्याला गढूळ दिसूं लागतें तें साधारण चार-पांच एककांच्या पुढें.

डोळ्याला जें दिसत नाहीं त्याची किंमत काय, हें १९९३ मध्यें अमेरिकेंतील मिलवॉकी शहराला कळलें. तेथें मिशिगन सरोवराचें पाणी तुरटीसारख्या द्रव्यांनीं निवळून, वाळूंतून गाळून आणि क्लोरीन घालून नळांना सोडीत. मार्चच्या अखेरीस दक्षिणेकडील शुद्धीकरण केंद्रांतून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढूं लागला आणि २८ व ३० मार्चला तो १.७ एककांपर्यंत चढला. आंकडा दिसावयास किती क्षुद्र! पेल्यांत तें पाणी कोणालाही निर्मळच वाटलें असतें. परंतु गाळण्यांतून क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा परोपजीवी सूक्ष्म जीव निसटला होता. त्याची कोषावस्था मिलिमीटरच्या चार ते सहा हजारांशांएवढी असून क्लोरीनला ती दाद देत नाहीं. ७ एप्रिलला पाणी उकळून पिण्याचा इशारा निघाला, ९ एप्रिलला केंद्र बंद झालें. तोंवर सुमारे ४,०३,००० माणसें अतिसारानें आजारी पडल्याचा अंदाज पुढें करण्यांत आला. ज्यांची प्रतिकारशक्ति अगोदरच खचलेली होती, अशांपैकीं कित्येक दगावले.

येथें यंत्राची थोरवी आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात. यंत्राला जंतु ओळखतां येत नाहींत. मातीचा कण आणि रोगाचा कोष त्याला सारखेच. गाळणी कोठेंतरी ढिली पडली आहे, एवढेंच तें सांगतें. परंतु तें वेळेवर ऐकिलें, तर तेवढेंच पुष्कळ आहे.

नळाच्या पाण्याला एक कोन पुरतो. समुद्राचें काम तेवढ्यानें भागत नाहीं, कारण समुद्रांतून वर परत येणारा उजेड काटकोनांतला नसून मागें वळलेला असतो. म्हणून कॅलिफोर्नियांतील स्क्रिप्स संस्थेच्या प्रयोगशाळेंत थिओडोर पेट्झोल्ड यांनीं दोन यंत्रें वापरलीं. एक झोताच्या अगदीं लगतचे, अंशाच्याही अपूर्णांकांतले कोन मोजणारें, आणि दुसरें १० पासून १७० अंशांपर्यंत फिरणारें. बहामा बेटांजवळचा निळाशार खोल समुद्र, कॅलिफोर्नियाचा किनारा आणि सान डिएगो बंदराचें गढूळ पाणी, अशा ठिकाणीं केलेलीं मापें त्यांनीं १९७२ मध्यें प्रसिद्ध केलीं. त्यांत असें आढळलें, कीं झोताच्या लगत विखुरलेला उजेड काटकोनांतल्या उजेडापेक्षां लाखाहून अधिक पटीनें प्रखर असतो. कण प्रकाशाला अडवून परत पाठवीत नाहींत. बहुतेक वेळां ते त्याला जरासा धक्का देऊन पुढेंच जाऊं देतात. विखुरलेल्या दर हजार भागांतील मागें वळणारे भाग बहामाला ४४, किनाऱ्यावर १३ आणि बंदरांत २० एवढेच भरले.

स्वच्छ पाण्यांत मागें वळणाऱ्यांचें प्रमाण जास्त, हें प्रथम चमत्कारिक वाटेल. त्याचें कारण पाण्याच्या अणुरेणूंत आहे. १९२१ मध्यें चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून परततांना बोटीच्या डेकवरून निकोलच्या लोलकांतून समुद्र पाहत आले. पृष्ठभागावरून परावर्तन पावलेला आकाशाचा प्रकाश लोलकानें काढून टाकला, तरी समुद्र निळाच राहिला. त्यावरून त्यांनीं असें मांडलें, कीं ती निळाई आकाशाची उसनी नसून तींत पाण्याच्या रेणूंनीं उजेड विखुरण्याचा वांटा आहे. मुंबई बंदरांत बोट असतांनाच त्यांनीं आपलें टिपण ‘नेचर’ नियतकालिकासाठीं लिहिलें. हे रेणू प्रकाश पुढें जितका, तितकाच मागेंही फेंकतात. कण विरळ झाले, कीं या समान वांटणीचा प्रभाव दिसूं लागतो. पेट्झोल्ड यांच्या मापांत बंदराचें पाणी बहामाच्या पाण्यापेक्षां एकूण सुमारें पन्नासपट प्रकाश विखुरतें, पण मागें वळणारा प्रकाश तेथें बावीसपटच आहे. वरून पाहणाराला बंदर त्याच्या खऱ्या गढूळपणाच्या निम्म्याहून कमी गढूळ भासेल.

उपग्रह वरूनच पाहतो. भारतानें १९९९ मध्यें ओशनसॅट आणि २०२२ मध्यें त्याच मालिकेंतील तिसरा उपग्रह सोडला. समुद्राचा रंग टिपणें हें त्यांचें एक काम. त्या रंगावरून सूक्ष्म वनस्पतींतील हरितद्रव्याचा अंदाज करतात, आणि हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्राकडून मासळी कोठें मिळण्याचा संभव आहे याची सूचना कोळ्यांना दिली जाते, तींतही हा अंदाज उपयोगी पडतो. खोल समुद्रांत हा हिशेब बरा जमतो. खाड्यांच्या तोंडाशीं मात्र नद्यांचा गाळ हिरवा-तांबडा उजेड मागें पाठवितो, आणि गाळाला वनस्पती समजण्याची चूक होते. ती चूक सुधारण्यासाठीं होडींतून जाऊन पाण्यांत यंत्र उतरवावें लागतें. तें यंत्रही बहुधा मागच्या बाजूचा एखादाच कोन, १२० किंवा १४० अंशांच्या जवळपासचा, मोजतें आणि उरलेल्यांचा अंदाज एका गुणकानें करतें. तो गुणक ठरविण्यास पेट्झोल्ड यांच्यासारखीं सर्व कोनांचीं मापें लागतात. आणि अशीं मापें अद्याप फार थोड्या पाण्यांचीं घेतलेलीं आहेत.