अंगठा, आकडा आणि अधिकार

(धामणगाव रेल्वे येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



धामणगाव नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. लोहमार्गावरील या धामणगावाच्या नावाला म्हणूनच ‘रेल्वे’ हा शब्द चिकटला. एकाच नावाच्या अनेकांतून नेमका एक ओळखता यावा, ही गरज रास्त आहे; गावांची आहे तशीच माणसांचीही आहे. मात्र पत्त्यावर ‘रेल्वे’ लिहायचे राहून गेले म्हणून गाव नाहीसे होत नाही. पत्र फार तर उशिरा पोहोचते. माणसाच्या बाबतीत मात्र आकडा जुळला नाही की माणूसच नाही, असे सरकारदप्तरी ठरू लागले आहे. सरकारने दिलेला एकच क्रमांक ही नागरिकाची सार्वत्रिक ओळख व्हावी काय, या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

आधार क्रमांकाचा आरंभ महाराष्ट्रातच झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहन सिंग व सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत पहिले बारा अंकी क्रमांक देण्यात आले. ज्याच्यापाशी कोणताच कागद नाही, त्याला ओळख द्यायची, आणि तीही ऐच्छिक, असे तेव्हा सांगण्यात आले. हा हेतू कोणाही समाजवाद्याने नाकारण्यासारखा नव्हता. जन्मदाखला नसलेला पारधी बेड्यावरील मुलगा, वीटभट्टीवर स्थलांतर केलेले मजूर कुटुंब, यांना कचेरीच्या दारातूनच परतावे लागते, हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे.

परंतु ऐच्छिक म्हणून आलेली वस्तू पाहता पाहता सक्तीची झाली. २०१६ चा आधार कायदा धनविधेयक म्हणून मंजूर करून घेण्यात आला. त्यामुळे राज्यसभेने सुचविलेल्या दुरुस्त्या बाजूला सारता आल्या. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने हा कायदा उचलून धरला. बँकखाते, मोबाईल आणि शाळाप्रवेश यांसाठीची सक्ती न्यायालयाने काढली. धान्य, पेन्शन आणि रोजगार यांसाठीची ठेवली. म्हणजे ज्यांच्यापाशी दुसरा पर्याय होता त्यांना मोकळीक मिळाली, आणि ज्यांचे पोट सरकारी मदतीवर होते ते बांधले गेले.

हा केवळ भारताचा अनुभव नाही. अमेरिकेत १९३६ पासून कामगारांच्या निवृत्तिवेतनाच्या हिशेबासाठी सामाजिक सुरक्षा क्रमांक देण्यात येऊ लागला. हे कार्ड ओळखीसाठी नाही, असे १९४६ पासून त्या कार्डावरच छापले जात होते. १९७२ मध्ये ते वाक्य गळाले, कारण तोपर्यंत तो क्रमांक सर्वत्र ओळख म्हणून मागितला जाऊ लागला होता. एका कामासाठी घेतलेला आकडा दुसऱ्या कामाला जुंपण्याचा मोह कोणत्याही शासनाला आवरत नाही.

याच लोहमार्गावर पूर्वेला वर्धा आहे, आणि तेथून सेवाग्राम जवळच. सेवाग्रामला वसण्याच्या तीस वर्षे आधी, ११ सप्टेंबर १९०६ रोजी, गांधीजींनी जोहान्सबर्ग येथे ज्या लढ्याची शपथ घेतली, तो लढा बोटांच्या ठशांच्या सक्तीविरुद्धच होता. १९०८ च्या आरंभी तडजोड झाल्यावर त्यांनी स्वतः ठसे दिले आणि त्यासाठी मारही खाल्ला. सरकारने सक्तीचा कायदा मागे घेतला नाही, तेव्हा त्याच वर्षी १६ ऑगस्टला दोन हजारांहून अधिक नोंदणीपत्रांची होळी झाली. ठसा देण्यात लाज नव्हती. ठसा दिल्यावाचून जगू देणार नाही, या भाषेत ती होती. भारतात १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंद झालेल्या माणसांचे ठसे घेण्याची तरतूद केली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्याने उमटविलेला संशय विमुक्तांच्या पाठीवरून अजून पुसला गेलेला नाही.

वऱ्हाडच्या कास्तकाराला अंगठ्याची ओळख सावकाराच्या कागदावरून झाली. अंगठा त्याचा, हिशेब सावकाराचा. आता कागदाच्या जागी यंत्र आले आहे. कापूस वेचून, निंदण करून ज्या म्हातारीच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, तिचा अंगठा रेशन दुकानातील यंत्र ओळखत नाही. आयुष्यभराच्या श्रमाची खूण हीच तिच्या अपात्रतेची खूण ठरते. क्रमांक ही ओळख असू शकते. ती किल्ली असू शकत नाही. ज्याच्या झेरॉक्स प्रती दहा कचेऱ्यांत पडल्या आहेत, तो आकडा गुप्त राहत नाही. कुलूप बदलता येते. चोरीला गेलेला ठसा कसा बदलणार?

यामुळे बोगस नावे गळतात, असे उत्तर दिले जाते. एकाच माणसाची दोन नावे लागली असतील तर ती गळतात, हे मान्य केले पाहिजे. पण दुकानदाराने पस्तीस किलोंऐवजी तीस किलो तोलले, तर ते अंगठ्याला कळत नाही. रस्त्याच्या कामाचे मोजमाप खोटे लिहिले, तर तेही आकड्याला दिसत नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीला महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले. त्या कायद्याने मजुराला काम मागण्याचा हक्क दिला. पुढे केंद्राच्या रोजगार हमीत १ जानेवारी २०२४ पासून आधारजोडणीखेरीज मजुरी नाही, असा नियम आला, आणि कार्डावर एक स्पेलिंग व बँकेत दुसरे एवढ्यावर घामाचा पैसा अडण्याची वाट मोकळी झाली. गावात हजेरीपट मोठ्याने वाचला गेला, तर खोटे नाव आणि खोटे माप दोन्ही उघडे पडतात. त्याला यंत्र लागत नाही. निर्भय ग्रामसभा लागते.

आता शेतकऱ्यांसाठी निराळा ओळख क्रमांक आला आहे. महाराष्ट्राने १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो बंधनकारक केला. हा क्रमांक सातबाऱ्यावरील नावाला मिळतो. मक्त्याने शेती करणारा, सासऱ्याच्या नावावरील रानात राबणारी सून, वनजमिनीचा दावा लोंबकळत राहिलेला कोरकू, यांचे काय? सातबाऱ्याने ज्याला कधीच पाहिले नाही, त्याला आकडाही पाहणार नाही. जुना अन्याय नव्या यंत्रात भरला की तो न्याय होत नाही, एवढेच की त्याच्याशी भांडायला समोर तलाठीसुद्धा उरत नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. क्रमांक नागरिकाच्या सोयीसाठी असावा. हक्काची अट म्हणून नसावा. यंत्राने नाकारले तरी त्याच दिवशी, त्याच दुकानात, दुसऱ्या पुराव्यावर धान्य मिळालेच पाहिजे, आणि नकाराचे कारण लेखी हातात पडले पाहिजे. नोटीस व सुनावणी यांखेरीज कोणाचेही नाव कोणत्याही यादीतून वगळता कामा नये. रेशनचा क्रमांक रेशनपुरता, जमिनीचा जमिनीपुरता राहावा; सर्व वह्या एका दोऱ्यात ओवण्याची मुभा शासनाला नसावी. आणि नाकारलेल्यांची नोंदवही ग्रामसभेत वाचली जावी.

ही शेवटची मागणी कायद्याची वाट पाहत थांबलेली नाही. धामणगाव तालुक्यातील एकेका गावच्या रेशन दुकानासमोर महिन्यातून दोन दिवस एक कार्यकर्ता साधी वही घेऊन बसला आणि रिकाम्या हाताने परतणाऱ्या प्रत्येकाचे नाव, तारीख व सांगितलेले कारण लिहीत गेला, तर तीन महिन्यांत तहसीलदारांपुढे ठेवण्याजोगा दस्तऐवज तयार होईल. सरकार माणसाला आकड्याने ओळखते. त्या वहीत माणसे नावाने लिहिली जातील, आणि सरकारला त्या नावांना उत्तर द्यावे लागेल.