हृदयाच्या आतल्या अस्तराची घडण
मानवी भ्रूणाच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यस्तर या पेशीथरातील काही पेशी एकत्र येऊन दोन नाजूक नलिका घडवतात आणि भ्रूणाचे शरीर दोन्ही बाजूंनी आत दुमडत गेल्यावर या नलिका मध्यभागी जुळून त्यांची एकच हृदयनलिका होते. तिचे रक्ताला थेट भिडणारे अस्तर म्हणजे अंतर्हृदयस्तर. त्याबाहेर स्नायूंचा थर असतो, तर दोहोंमध्ये जेलीसारख्या द्रव्याचा थर साठतो. सुमारे २२व्या दिवशी हृदय धडधडू लागते.

हे अस्तर केवळ आच्छादन नव्हे, ही गोष्ट विशेष विचारात घेण्याजोगी आहे. अलिंद म्हणजे वरचे कप्पे व निलय म्हणजे खालचे कप्पे यांना जोडणाऱ्या मार्गात, स्नायूथराकडून रासायनिक संकेत मिळताच, अस्तरातील काही पेशी शेजारच्या पेशींशी असलेले बंध सोडून त्या जेलीत उतरतात, तेथे त्यांची संख्या वाढते आणि जे उंचवटे तयार होतात त्यांतूनच पुढे झडपा आणि कप्प्यांमधील पडद्यांचा काही भाग आकाराला येतो. हे उंचवटे नीट जुळले नाहीत, तर जन्मतःच पडद्याला छिद्र राहते. डाऊन संलक्षण असलेल्या बालकांत हा दोष विशेष आढळत असल्याने जन्मानंतर लवकरच त्यांची हृदयतपासणी करून घेणे आवश्यक असते.