पाण्यातील विषारी धातू आणि बहुवारिकांची चाळणी
(नवेगाव बांध येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)

नवेगाव बांधाच्या काठी पाण्याविषयी बोलणे म्हणजे कोहळ्यांच्या वंशजांना तळे बांधावयास शिकविण्यासारखे आहे. हा जलाशय अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानले जाते. पुढे हातपंप आणि विंधन विहिरी आल्या. त्यांमुळे पटकी व हगवण यांना मोठा आळा बसला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु तळ्याचे पाणी आभाळातून येते. विंधन विहिरीचे पाणी खडकाच्या फटींत दीर्घकाळ मुरलेले असते आणि खडकातील द्रव्ये त्यात उतरतात.

याचे उदाहरण फार दूरचे नाही. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेस, छत्तीसगडमधील अंबागड चौकी भागात कौडीकसा नावाचे गाव आहे. तेथील विहिरी व हातपंपांच्या पाण्यात मर्यादेच्या अनेकपट आर्सेनिक असल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. हे विष कोणा कारखान्याचे नव्हे, खडकातूनच आलेले. सोमल या नावाने जे विष आपल्याकडे पूर्वापार परिचित आहे, ते याच आर्सेनिकचे संयुग होय. पाण्यात त्यास रंग नाही, वास नाही, चव नाही. त्वचेवर काळे ठिपके पडतात, तळहात व तळपाय कठीण होतात, तेव्हा कोठे संशय येतो. तोवर कित्येक वर्षे लोटलेली असतात. पाणी उकळूनही उपयोग नाही. उलट वाफ जाते आणि विष मागे उरते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक आर्सेनिक नसावे. म्हणजे एक लाख लिटरमध्ये केवळ एक ग्रॅम! एवढे अल्प द्रव्य वेचून काढावयाचे, तर गाळणे पुरत नाही. ते पृष्ठभागावर धरून ठेवणारा पदार्थ लागतो. त्यास अधिशोषक म्हणतात. गंजासारखे सजल लोह ऑक्साइड आर्सेनिकला घट्ट धरते. मात्र त्याची बारीक पूड पाण्याची वाट अडविते. म्हणून बहुवारिकाच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच जातीच्या सच्छिद्र रेझिनच्या मण्यांत ते बसवितात. पश्चिम बंगालमधील खेड्यांत हातपंपांना जोडलेल्या पात्रांत असे मणे वापरले गेले. मद्रासच्या आय. आय. टी.मध्ये प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने लोह ऑक्साइडला कायटोसानची जोड दिली. हे बहुवारिक कोळंबी व खेकडे यांच्या कवचांपासून मिळते. ढीवरांच्या अंगणात जे टाकाऊ म्हणून पडते, त्यातलेच. शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातूही कायटोसान धरते, परंतु एका धातूसाठी केलेला अधिशोषक दुसऱ्यास चालेलच असे नाही.

खरी अडचण यंत्र बसविल्यानंतर सुरू होते. मण्यांची धारणाशक्ती संपली, तरी नळातून पाणी पूर्वीसारखेच स्वच्छ वाहते. पाहून काहीच कळत नाही. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने मणे धुऊन पुन्हा वापरता येतात. पण त्या धुवणात सारे आर्सेनिक एकवटलेले असते. ते ओढ्यात सोडणे म्हणजे विहिरीतील विष तळ्यात नेणे.

म्हणून यंत्राची मागणी करण्यापूर्वी आपल्या विंधन विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. आर्सेनिकची तपासणी स्पष्ट शब्दांत मागावी, नेहमीच्या तपासणीत ती असेलच असे गृहीत धरू नये. यंत्र आलेच, तर मणे कोण बदलणार, धुवण कोण नेणार आणि त्याचा खर्च कोण सोसणार, हे ग्रामसभेच्या ठरावात पहिल्याच दिवशी नोंदवावे.