एका उन्हाला दोन चाळण्या

रायपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की लोक म्हणतात, आता गच्चीवरचं पॅनेल भरपूर वीज देणार. खरं तर उलट आहे. सिलिकॉनला उजेड हवा, उष्णता नको. २५ अंशांच्या वर पॅनेल जितकं तापेल, तितकी दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. भर दुपारी पॅनेल ६५ अंशांवर गेलं की बारा-पंधरा टक्के गेलेच.

यातली काही उष्णता सिलिकॉनच्या स्वभावातूनच येते. प्रकाशाचा कण कितीही उर्जेचा असो, सिलिकॉन त्यातली फार तर १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट धरून ठेवतं. निळ्या प्रकाशाचा कण असतो २.७ च्या घरातला. म्हणजे मोठी नोट दिली, थोडा माल मिळाला आणि सुटे परत नाहीत! ते उष्णता होऊन गेले. शिवाय काही अवरक्त किरण सिलिकॉनला पकडताच येत नाहीत. त्यामुळे एकट्या सिलिकॉनची मजल तत्त्वतः सुमारे २९ टक्क्यांपर्यंतच.

आपण धानाच्या मुलखातले, त्यामुळे उपाय लगेच कळेल. एकावर एक दोन चाळण्या. वर पेरोव्स्काइटचा, केसाहून कितीतरी पातळ थर. तो निळा-हिरवा प्रकाश चढ्या भावाने घेतो. लाल आणि अवरक्त खाली सिलिकॉनकडे जातो. चीनच्या लाँगी कंपनीने २०२४ मध्ये अशा जोडसेलवर ३४.६ टक्के कार्यक्षमता नोंदवली. आयआयटी मुंबईत दिनेश काबरा यांच्या गटाने सुमारे ३० टक्के गाठली, आणि मला त्यांची रचना जास्त भावते, कारण तिथे दोन्ही थरांच्या तारा वेगळ्या आहेत. एकाच तारेत जोडले तर ज्याचा प्रवाह कमी, त्याच्याच चालीने दोघांना चालावं लागतं. बैलजोडीसारखं.

पण हे आकडे प्रयोगशाळेतल्या छोट्या सेलचे. पेरोव्स्काइटला ओलावा सोसत नाही, सततची उष्णताही नाही, आणि त्यात बहुधा शिसं असतं. इथे १ नोव्हेंबर २०१६ ला सौर सुजला योजना सुरू झाली, शेताशेतांत सौरपंप उभे राहिले. ती पॅनेलं धानाच्या बांधावर वीस-पंचवीस वर्षं राहायची. काचेची कड उसवली तर पावसाचं पाणी आत आणि शिसं बाहेर, तेही ज्या पाण्यावर धान पिकतं त्यात.

म्हणून जोडपॅनेल बाजारात आलं की विक्रेत्याला कार्यक्षमता नंतर विचारा. आधी विचारा, आमच्यासारखे किती उन्हाळे आणि किती पावसाळे याने उघड्यावर काढलेत? तोवर सिलिकॉन लावा, आणि छतापासून वीतभर उंच, खालून वारा खेळेल असं.