दोष दाखवा, ही विनंती



आपले गुण जाणणारे पुष्कळ असतात. आपले काम इतरांच्या टीकेपुढे आपणहून ठेवणारे विरळा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य आरंभिले. १९२३ मध्ये विराटपर्व छापले, परंतु ते अंतिम म्हणून नव्हे. केवळ नमुना म्हणून ते विद्वानांकडे धाडले आणि सूचना मागविल्या.

१९२५ मध्ये प्रमुख संपादक झालेले डॉ. वि. सी. सुकथनकर केंब्रिजला गणित आणि बर्लिनला भाषाशास्त्र शिकलेले. पाठांची काटेकोर तुलना हे त्यांचे सामर्थ्य. तरीही सारी पर्वे त्यांनी स्वतःकडे ठेवली नाहीत. सभापर्व अमेरिकेतील एजर्टन यांच्याकडे गेले, उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांच्याकडे. विराटपर्व तर डॉ. रघुवीर यांनी नव्याने संपादिले. पहिला प्रयत्न पुन्हा करण्यात संस्थेने कमीपणा मानला नाही.

१९४३ मध्ये सुकथनकर निवर्तले. कार्य मात्र एका व्यक्तीत अडकलेले नव्हते. १९६६ मध्ये ते पूर्णत्वास गेले.

प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःस एवढेच विचारावे: आपले काम आपण सहकाऱ्यांपुढे कौतुकासाठी ठेवतो, की दुरुस्तीसाठी?